खोदण्याआधी खालचं शोधा: ठाणे–नवी मुंबईत पहिल्यांदा चर खणणाऱ्यांसाठी

मार्च २०२३ च्या अखेरीस मुंबईत ३० दिवसांसाठी १५ टक्के पाणीकपात जाहीर झाली. धरणं आटली नव्हती. ठाण्यात बोअरवेल मारताना भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे पाणी नेणाऱ्या जलबोगद्याला भोक पडलं होतं. हा बोगदा जमिनीखाली शेकडो फुटांवर आहे. वरून बघून त्याचा पत्ता लागणं शक्यच नव्हतं, तो फक्त विचारल्यावरच लागला असता.

रोजच्या कामात एवढं मोठं काही घडत नाही, पण तीन-चार फुटांच्या चरात माणूस जीवाला मुकू शकतो. केबलवर पहार बसली तर ती पहार धरणारा मजूर भाजतो. कागदावर सही करणारा तेव्हा तिथे नसतो. म्हणून हा लेख साइटवर नव्याने रुजू झालेल्या इंजिनीअरसाठी आहे, पहिलंच काम घेतलेल्या ठेकेदारासाठी आहे, आणि आवारात टाकी किंवा नवा पाइप टाकायला निघालेल्या सोसायटीच्या कमिटीसाठीही आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. खाली काय आहे हे सांगणारे तीन जण असतात: नकाशा, यंत्र आणि त्या भागात वर्षानुवर्षं काम केलेला माणूस. तिघंही चुकतात. पण प्रत्येकाची चुकण्याची तऱ्हा वेगळी असते, आणि ती तऱ्हा कळली की तिघांचाही उपयोग होतो. खात्रीची लाइन म्हणजे हाताने खणून, डोळ्यांनी पाहिलेली लाइन. बाकी सगळा अंदाज.

पहिली पायरी: खाली कोणाकोणाचं आहे ते लिहून काढा

नवखे लोक पाणी, ड्रेनेज आणि वीज अशी तीन नावं लिहून थांबतात. ठाण्यात किंवा नवी मुंबईत यादी याच्या दुप्पट-तिप्पट होते.

पाणी एकट्या महापालिकेचं नसतं. ठाण्यात महापालिकेच्या स्वतःच्या योजनेबरोबर स्टेम या पाणीपुरवठा प्राधिकरणाचं पाणी येतं, एमआयडीसीच्या लाइन आहेत, आणि मुंबई महापालिकेच्या मोठ्या जलवाहिन्या ठाणे शहरातूनच पुढे जातात. त्यांची मालकी, त्यांचे इंजिनीअर आणि त्यांचे नकाशे वेगळे. ठाणे महापालिकेचं पत्र मिळालं म्हणजे मुंबई महापालिकेला विचारून झालं असं होत नाही. नवी मुंबईत शहराला मोरबे धरणाचं पाणी आहे, टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यात एमआयडीसीचं, आणि सिडकोने विकसित केलेल्या काही नोडमध्ये आजही सिडकोलाच विचारावं लागतं.

वीज बहुतेक ठिकाणी महावितरणची. कळवा, मुंब्रा, शीळ या भागात मात्र मार्च २०२० पासून वितरणाचं काम टोरंट पॉवरकडे आहे. तिथे महावितरणच्या जुन्या माहितीवर विसंबू नका, टोरंटकडून ताजी माहिती घ्या. रस्त्यावरचे दिवे महापालिकेच्या विद्युत विभागाचे, म्हणजे त्यांच्या केबल वेगळ्या. पाइपने येणारा गॅस महानगर गॅसचा. टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या केबल एमटीएनएलच्या, कारण ठाणे आणि नवी मुंबई त्यांच्याच मुंबई क्षेत्रात होती. त्यावर इंटरनेट कंपन्यांचं फायबर, सिग्नलच्या आणि सीसीटीव्हीच्या केबल. औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांचं सांडपाणी नेणाऱ्या लाइन आहेत. त्या फुटल्या तर अंगावर काय येईल ते सांगता येत नाही. शहराच्या कडेला खनिज तेल आणि नैसर्गिक वायूच्या उच्च दाबाच्या वाहिन्या आहेत. त्यांच्यासाठी राखलेल्या जमिनीच्या पट्ट्याला १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज वाहिन्या कायद्याचं संरक्षण आहे, तिथे परवानगीशिवाय फावडंही मारायचं नाही.

आवाराच्या आतलं काम असेल तर सोसायटीच्या स्वतःच्या लाइन धरा: पंपाची केबल, बागेच्या दिव्यांची वायर, अग्निशमनाचा पाइप, बंद पडलेल्या जुन्या बोअरची वायर. यांचा नकाशा जवळजवळ कधीच नसतो.

दुसरी पायरी: कागद मागवा, आणि कागदाचं वय विचारा

रस्ता खोदाईची परवानगी ठाण्यात प्रभाग समितीच्या कार्यालयातून आणि नवी मुंबईत विभाग कार्यालयातून सुरू होते. मोठ्या कामाची फाइल मुख्यालयात जाते. पावसाळ्यात नेहमीच्या खोदाईला परवानगी मिळत नाही, म्हणून सगळ्यांची घाई एप्रिल-मे महिन्यांत होते. घाईत शोधाचं काम गाळलं जातं, हे मी वारंवार पाहिलं आहे. तुमचं काम मे महिन्यात असेल तर पत्रं जानेवारीत टाका.

परवानगी आणि लाइनची माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगीचा कागद तुम्हाला खणायचा हक्क देतो, खाली काय आहे ते सांगत नाही. प्रत्येक मालकाला स्वतंत्र पत्र द्या. जागेचा नकाशा जोडा, चराची लांबी, रुंदी, खोली आणि कामाची तारीख लिहा, आणि 'आपला माणूस जागेवर पाठवून लाइन दाखवावी' ही मागणी स्पष्ट शब्दांत करा. नुसता नकाशा मागितला तर नकाशाच येतो.

केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केलं. बिनसमन्वयाच्या खोदाईने देशात दरवर्षी सुमारे १० लाख वेळा फायबर तुटतं आणि सुमारे ३,००० कोटी रुपयांचं नुकसान होतं, असं तेव्हा सरकारने सांगितलं होतं. ॲपवर खोदायची जागा नोंदवली की त्या भागात नोंद असलेल्या मालकांना सूचना जाते. ते वापराच. पण त्यातून जो गप्प राहिला त्याची लाइन तिथे नाही, असं समजू नका. ज्याने आपली लाइन नोंदवलेलीच नाही त्याला सूचना जात नाही. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारायचं, फोन करायचा, कार्यालयात जाऊन बसायचं.

आता नकाशा कसा चुकतो ते बघू. पाइप टाकण्याआधी काढलेला नकाशा आणि पाइप टाकल्यानंतरची प्रत्यक्ष जागा यांत फरक असतो. मध्ये कातळ लागला, झाड आलं, दुसऱ्याची केबल निघाली, की लाइन टाकणारा वळण घेतो. ते वळण कागदावर येतंच असं नाही. दुसरं, अंतर ज्या गोष्टीपासून मोजलेलं असतं ती गोष्टच हलते. 'फुटपाथच्या कडेपासून एक मीटर' असं लिहिलेलं असतं, पण ठाण्यात १९९० च्या दशकाच्या शेवटी मोठं रस्ता रुंदीकरण झालं आणि फुटपाथ मागे सरकले. तेव्हा फुटपाथखाली असलेल्या लाइन आता गाड्यांखाली आहेत. घोडबंदर रस्त्यावर मेट्रो ४ च्या कामासाठी आणि सेवा रस्ते मुख्य रस्त्याला जोडण्यासाठी लाइन हलवल्या गेल्या आहेत. तिथला पाच वर्षांपूर्वीचा नकाशाही जुनाच समजा. म्हणून प्रत्येक कागदावर आधी तारीख बघा, मग तो आराखडा लाइन टाकण्याआधीचा की टाकल्यानंतरचा हे विचारा, आणि अंतर कशापासून मोजलंय ते विचारा.

नवी मुंबईबद्दल एक गैरसमज आहे. सिडकोने आखून वसवलेलं शहर, त्यामुळे सगळं सरळ रेषेत असेल, असं बाहेरून आलेल्याला वाटतं. सेक्टरमधल्या मूळ लाइनबाबत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण त्यानंतर आलेला गॅस, फायबर, वाढीव केबल यांनी जिथे जागा मिळाली तिथून वाट काढली. आणि घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे यांसारख्या गावठाणांत तर दर दहा पावलांवर वेगळी कथा. तिथे नळजोडण्या गल्लीच्या कडेने एकमेकींवर चढलेल्या असतात. गावठाणात यंत्रापेक्षा घराच्या उंबऱ्यावर बसलेल्या आजींना विचारणं जास्त कामाचं ठरतं.

तिसरी पायरी: चालत फिरा, आणि चावीवाल्याला गाठा

कागद हातात घेऊन सकाळी, रहदारी कमी असताना, जागेवर चाला. डोकं खाली ठेवा. व्हॉल्व्हचं झाकण, ड्रेनेजचं चेंबर, फीडर पिलर (केबल जिथून फुटतात ती रस्त्याकडेची विजेची पेटी), डीपी (वीज वितरणाची पेटी), दिव्याचा खांब, गॅसची पिवळी खूण, भिंतीवर चढलेला गॅसचा पाइप. या प्रत्येकाखालून काहीतरी निघतं आणि कुठेतरी जातं. एका फीडर पिलरमधून किती केबल खाली उतरतात ते मालकाच्या माणसाकडून उघडून पाहून घ्या. चार उतरत असतील आणि तुमच्या नकाशावर दोनच असतील, तर दोन शोधायच्या बाकी आहेत.

डांबरावरचे जुने पॅच वाचायला शिका. लांब, अरुंद, सरळ पॅच म्हणजे कधीतरी चर खणला होता. एकाच चौकोनावर पुन्हा पुन्हा पॅच असेल तर तिथे गळती किंवा केबलचा सांधा. पेव्हर ब्लॉक एका रेषेत खचले असतील तर खालचा भराव नीट ठोकलेला नाही, म्हणजे खाली कुणीतरी गेलेलं आहे.

मग त्या भागाचा पाणी सोडणारा चावीवाला गाठा. व्हॉल्व्ह कुठे पुरले गेले, कोणती जुनी लाइन बंद असूनही आत भरलेली आहे, हे त्याला ठाऊक असतं. महावितरणचा लाइनमनही तसाच. त्यांना मान देऊन बोलवा, चहा पाजा, आणि ते सांगतील ते लगेच वहीत लिहा. त्यांच्या चुकण्याची तऱ्हा अशी की बाजू सहसा बरोबर असते, अंतर चुकतं. 'या कडेने जाते' हे माना, 'तीन फुटांवर आहे' हे तपासा.

चौथी पायरी: यंत्र

इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण महागडं यंत्र आलं की सगळे त्याच्या पडद्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात.

नेहमी वापरलं जातं ते केबल लोकेटर. त्याचे दोन भाग: सिग्नल सोडणारा ट्रान्समीटर आणि जमिनीवर फिरवायचा रिसीव्हर. धातूच्या लाइनमधून विद्युतप्रवाह वाहिला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, रिसीव्हर तेच पकडतो. म्हणजे लाइन धातूची हवी आणि तिच्यात प्रवाह हवा. या दोन अटींत यंत्राच्या बहुतेक चुका सामावल्या आहेत.

प्लॅस्टिकची लाइन या यंत्राला दिसत नाही. गॅसच्या वितरणाचा पिवळा किंवा नारिंगी पॉलिथिलीन पाइप, पाण्याचा एचडीपीई पाइप, फायबरचा डक्ट, सिमेंटचा ड्रेनेज पाइप यांतलं काहीच वाजत नाही. पाइपबरोबर शोधतार, म्हणजे लोकेटरला सापडावी म्हणून पाइपलगत पुरलेली धातूची तार, टाकलेली असेल आणि ती अखंड असेल तरच आशा. ओतीव लोखंडाच्या पाण्याच्या लाइनलाही अडचण असते. सांध्यात रबरी रिंग असली की तिथे प्रवाह अडतो आणि सिग्नल मधूनच विझतो.

ट्रान्समीटर न लावता नुसत्या 'पॉवर' मोडवर फिरणं ही नवख्यांची सवय. त्या मोडमध्ये ५० हर्ट्झचा चालू विजेचा आवाज शोधला जातो. भार नसलेली केबल त्यात सापडत नाही. तिन्ही फेजचा भार समतोल असलेल्या केबलचं क्षेत्र एकमेकांना मारतं, ती फार क्षीण वाजते. आणि रस्त्यावरच्या दिव्यांची केबल दिवसा बंद असते! सकाळी अकरा वाजता फिरून 'काही नाही' म्हटलेल्या फुटपाथवर संध्याकाळी सात वाजता तीच केबल ठणठणीत वाजते. दिव्यांच्या खांबांच्या रांगेत खणणार असाल तर दिवे लागल्यावर एकदा फिराच, किंवा विद्युत विभागाकडून दिवसा थोडा वेळ दिवे चालू करून घ्या.

शक्य असेल तिथे ट्रान्समीटर थेट लाइनला जोडा: व्हॉल्व्हला, उघड्या पाइपला, किंवा केबलभोवती क्लॅम्प लावून. विजेच्या केबलचं हे काम वीज कंपनीच्या माणसाने करायचं, तुम्ही नाही. सुरुवात कमी फ्रिक्वेन्सीने करा. कमी फ्रिक्वेन्सीचा सिग्नल लांब जातो आणि आपल्याच लाइनमध्ये राहतो. जास्त फ्रिक्वेन्सी सांध्यावरून उडी मारते खरी, पण शेजारच्या लाइनवरही चढते. मग तुम्ही पाण्याची लाइन समजून शेजारच्या केबलवर खूण करून येता. वाशी स्टेशनबाहेरच्या किंवा नौपाड्यातल्या फुटपाथसारख्या दाट जागी हे फार होतं.

सिग्नलवर विश्वास ठेवायचा की नाही, याच्या दोन परीक्षा आहेत आणि त्या प्रत्येक ठिकाणी करा. रिसीव्हर 'पीक' मोडवर (लाइनच्या डोक्यावर सिग्नल सगळ्यात जास्त) लाइनची जी जागा दाखवतो, तीच जागा 'नल' मोडवर (डोक्यावर सिग्नल सगळ्यात कमी) येते का ते बघा. दोन्ही जागांत वीतभर अंतर पडलं तर शेजारची दुसरी लाइन क्षेत्र बिघडवते आहे, तिथली जागाही खरी नाही आणि खोलीही नाही. दुसरी परीक्षा खोलीची. खोलीचा आकडा आला की यंत्र जमिनीपासून बरोबर अर्धा मीटर वर उचला आणि पुन्हा वाचा. आकडा अर्ध्या मीटरने वाढला पाहिजे. नाही वाढला तर तो आकडा टाकून द्या. वळणावर, टी-जोडावर किंवा त्यांच्या दोन-चार मीटर आत खोली वाचूच नका.

जमिनीत रेडिओ लहर सोडून परत येणारा प्रतिध्वनी वाचणारं यंत्र, म्हणजे जीपीआर, प्लॅस्टिकही दाखवू शकतं. म्हणून त्याची जाहिरात जोरात होते. पण ओल्या, खारट चिकणमातीत लहर पटकन विरते. वाशी, नेरूळ, ऐरोली, उलव्याचा खाडीकडचा भाग म्हणजे खाजण आणि मिठागरांवर टाकलेला भराव. तिथे भरतीचं पाणी वर आलेलं असताना जीपीआर दोन-तीन फुटांखालचं सांगेल ही अपेक्षा धरू नका. ठाण्याच्या मुरमाड भागात, उन्हाळ्यात, ते बरं काम करतं. भाड्याने आणण्याआधी एक करा: ज्याची जागा आणि खोली माहीत आहे अशा पाइपवर आधी फिरवून घ्या. ओळखीचा पाइप दिसला नाही तर अनोळखी दिसणार नाही.

ड्रेनेज शोधणं त्या मानाने सोपं. गुरुत्वाने वाहणारी लाइन दोन चेंबरच्या मध्ये सरळ असते. दोन्ही चेंबरची झाकणं उघडून दोरी ताणा, आणि पट्टी सोडून तळ मोजा. चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही, डोकंही आत घालायचं नाही. आतल्या वायूने माणूस हाक मारायच्या आत कोसळतो. महापालिकेच्या माणसाला बोलावून वरूनच मोजा.

खोलीचे आकडे: माहीत असू द्या, पण त्यावर पैज लावू नका

भारतीय मानकानुसार कमी दाबाची वीज केबल ०.७५ मीटर, ११ केव्हीपर्यंतची (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) ०.९ मीटर, आणि २२ व ३३ केव्हीची १.०५ मीटर खोल असायला हवी. गॅसची मुख्य लाइन साधारण मीटरभर. टेलिफोन खात्याचं फायबर दीड मीटरहून खाली टाकायची पद्धत होती, पण शहरातलं खासगी फायबर कधी हातभर खोलीवरही भेटतं.

हे आकडे लाइन टाकतानाचे. येऊरच्या पायथ्याकडे वरचेवर कातळ लागतो. तो फोडण्याचा खर्च वाचवायला लाइन वरच ठेवलेली असू शकते. उलट जुन्या रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले की तीच लाइन आपोआप खोल होते. भरावाची जमीन खचते, तिच्याबरोबर पाइपही बसतो, आणि कडक पायावरच्या चेंबरजवळ मात्र तो वरच राहतो. रस्ता न खोदता आडवं छिद्र पाडून टाकलेली लाइन तर मध्येच दोन मीटर खाली जाऊन पुन्हा वर येते. त्यामुळे 'तीन फुटांपर्यंत बिनधास्त खणा' असं सांगणारा भेटला तर त्याचं ऐकू नका.

पाचवी पायरी: खुणा

सापडलेलं सगळं जमिनीवर रंगवा. लाल वीज, पिवळा गॅस, नारिंगी टेलिफोन आणि फायबर, निळा पाणी, हिरवा ड्रेनेज. आपल्याकडे प्रत्येक जण हीच पद्धत पाळतो असं नाही, म्हणून रंगांचा अर्थ मुकादमाला आणि मजुरांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा. खात्रीची लाइन अखंड, अंदाजाची तुटक. रंग दोन दिवसांत टायरखाली पुसतो, तेव्हा कंपाउंडच्या भिंतीवर किंवा खांबावर 'इथून १.२ मीटर, वीज' असं लिहून ठेवा आणि प्रत्येक खुणेचा फोटो घ्या, ज्यात मागचं दुकान किंवा इमारत दिसेल.

सहावी पायरी: चाचणी खड्डा

वरच्या सगळ्या पायऱ्या या एका कामासाठी असतात, कुठे हाताने खणायचं ते ठरवण्यासाठी.

चर जिथे जिथे खुणेला छेदतो तिथे एक खड्डा. चर लाइनला समांतर असेल तर दर दहा-पंधरा मीटरवर एक, आणि प्रत्येक वळणावर एक. खड्डा खुणेच्या डोक्यावर सुरू करू नका. फूट-दीड फूट बाजूला उतरा आणि मग आडवं, हळूहळू लाइनकडे माती सोडवत या. वरून येणारं अवजार पूर्ण जोराने लाइनवर बसतं, बाजूने येणारं तिला घासून थांबतं.

वरचा डांबराचा किंवा काँक्रीटचा थर तेवढा ब्रेकरने फोडा, आणि ब्रेकरचं टोक थराखाली उतरू देऊ नका. पुढे फावडं आणि खुरपं. टिकाव शक्यतो नको, आणि पहार खाली ठोकायची तर अजिबात नाही. माझ्या मते खोदकामातलं सगळ्यात धोक्याचं अवजार पहारच आहे. टोक बारीक, वजन मोठं, हातात उघडं लोखंड. मजूर सवयीने पहार उचलतो, कारण माती कडक असते आणि दिवसाचा हिशेब मीटरवर असतो. चाचणी खड्ड्याचे पैसे मीटरवर देऊ नका, रोजंदारीवर द्या. घाईचं कारणच उरत नाही. खड्ड्यातल्या प्रत्येकाला लाकडी किंवा फायबरच्या दांड्याचं अवजार, कोरडे गमबूट आणि विजेसाठीचे हातमोजे मिळालेच पाहिजेत.

खणताना माती काय सांगते ते बघा. आसपास मुरूम आणि मध्येच स्वच्छ वाळू किंवा बारीक कच लागली, तर ती कुणीतरी लाइनभोवती टाकलेली आहे. इशारा देणारी प्लॅस्टिकची पट्टी, विटांची रांग, सिमेंटच्या फरश्या लागल्या की हात थांबवा. खाली केबल आहे. पण पट्टी नाही म्हणून केबल नाही असं धरू नका. आधीच्या कुणीतरी खणून, पट्टी फेकून, नुसती माती ओढलेली असते.

एक लाइन सापडली की खड्डा बंद करू नका. ठरलेल्या खोलीच्याही खाली थोडं आणि दोन्ही बाजूंना फूटभर बघा. केबल क्वचितच एकटी असते. गंजलेली, 'मेलेली' वाटणारी केबल सापडली तर ती जिवंत आहे असंच वागा. ती बंद आहे हे फक्त तिचा मालक सांगू शकतो, आणि तेही लेखी.

नकाशावर आहे पण सापडली नाही, अशी लाइन सगळ्यात वाईट. तिथे काम पुढे ढकला आणि मालकाच्या माणसाला जागेवर उभा करा. 'नसेलच' हे उत्तर चालणार नाही.

सातवी पायरी: जेसीबी

दिसलेल्या किंवा खूण केलेल्या लाइनच्या दोन्ही बाजूंना किमान अर्धा मीटर यंत्र चालवायचं नाही. मी एक मीटर धरतो, कारण लोकेटरचा अंदाज वीतभर सरकतोच. बकेटला दात नसलेली सपाट पट्टी लावा. एक माणूस फक्त चराकडे बघायला ठेवा, आणि त्याने हात वर केला की ऑपरेटरने थांबायचं. उघडी पडलेली केबल लोंबू देऊ नका, खाली फळी टाकून आधार द्या, आणि तिच्यावर पाय ठेवून कुणी चढू-उतरू नये.

लागलंच तर

गॅसच्या पाइपला भोक पडलं तर यंत्र बंद करून सगळ्यांना वारा जिकडून येतोय त्या बाजूला, दूर न्या. विडी, मोबाइल, गाडीची किल्ली, काहीच चालू करायचं नाही. भोक बोळा कोंबून किंवा पाइप दुमडून बंद करायचा प्रयत्न नको, प्लॅस्टिकच्या पाइपवर साचलेली स्थिर विजेची ठिणगीही पुरते. वर माती मुळीच ढकलू नका. दाबलेला गॅस मातीतून, गटारातून शेजारच्या इमारतीच्या तळघरात शिरतो. लांब गेल्यावर गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकाला आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवा. तो कंपनीचा क्रमांक काम सुरू होण्याआधीच मुकादमाच्या फोनमध्ये असला पाहिजे.

केबल तुटली तर कुणीही खड्ड्यात हात घालायचा नाही. फीडर (त्या भागाला वीज देणारी मुख्य लाइन) ट्रिप होऊन, म्हणजे आपोआप बंद पडून, पुन्हा चालू केला जाऊ शकतो, त्यामुळे शांत झालेली केबल सुरक्षित नसते. जेसीबीचा ऑपरेटर केबिनमध्येच बसून राहील, वीज बंद झाल्याचा निरोप कंपनीकडून येईपर्यंत. आग लागून उतरावंच लागलं तर यंत्राला आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श न करता, दोन्ही पाय जुळवून उडी मारायची आणि पाय न उचलता घासत लांब जायचं.

पाइपवर नुसता ओरखडा आला, केबलचं वरचं आवरण सोललं, तर बहुतेक लोक माती टाकून मोकळे होतात. असं करू नका. आवरणाच्या त्या चिरेतून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि दोन-चार महिन्यांनी अख्ख्या गल्लीची वीज जाते, कधी केबल स्फोटासारखी फुटते. तेव्हा तिथून चालणाऱ्याचा काय दोष? मालकाला कळवा, दुरुस्ती होऊ द्या, त्याचा खर्च सोसा.

भरताना

चर बुजवायच्या आधी उघडी लाइन पुन्हा मोजा. दोन पक्क्या ठिकाणांपासून अंतर घ्या, इमारतीचा कोपरा किंवा पुलाचा खांब यांसारखी न हलणारी ठिकाणं निवडा. खोली मोजा, आणि ती आजच्या रस्त्याच्या पातळीपासून मोजली असं लिहा. फुटपट्टी दिसेल असा फोटो काढा. लाइनभोवती आधी वाळू, त्यावर काढलेल्या विटा किंवा फरश्या जशाच्या तशा, त्याच्या वीतभर वर नवी इशारा पट्टी, मग थराथराने ठोकून भराव. तुम्ही टाकलेला पाइप प्लॅस्टिकचा असेल तर त्याच्यासोबत तांब्याची शोधतार टाका आणि तिची दोन्ही टोकं चेंबरमध्ये हाताला लागतील अशी वर आणून ठेवा. मीटरमागे लागणारा खर्च किरकोळ आहे.

ही मापं एका कागदावर साध्या रेखाटनासह उतरवून, तारीख घालून, तीन ठिकाणी द्या: विभाग किंवा प्रभाग कार्यालयात पोच घेऊन, ज्याची लाइन सापडली त्या मालकाकडे, आणि सोसायटीचं काम असेल तर सोसायटीच्या फाइलमध्ये. कमिटी बदलली की फाइल हरवते, म्हणून एक प्रत पंपाच्या खोलीत, प्लॅस्टिकमध्ये घालून, स्विचबोर्डपासून लांब भिंतीवर लावून ठेवा.